थंड पाण्यातलं घर

समुद्राला किनारा नवा होता तेव्हाची गोष्ट. फुलपाखरी माशांची मोठी भावकी उबदार पाण्यात, पोवळ्यांमध्ये नांदत होती. त्यातलं एकच लहानसं घराणं थंड पाण्यातल्या खडकात राहायचं. अंगावर काळे पट्टे, तोंड चांगलं लांब.

एका उन्हाळ्यात भावकीतली पिवळी नावाची पोर प्रवाहात वाहत त्यांच्या दारी आली. घरातली म्हातारी पट्टाआजी म्हणाली, "ये गं, जेव."

पिवळी हसली. "आजी, हे तोंड आहे की दाभण? आणि अशा गारठ्यात राहतं का कुणी? आमच्यात तर म्हणतात, तुम्हाला हाकलून दिलंय."

"म्हणू देत. तू जेव आधी."

मग हिवाळा आला. पाणी असं गारठलं की पिवळीचे पर आखडले. वरवरचं खाणं संपलं. किडे होते ते खडकाच्या फटीत, तिथं तिचं आखूड तोंड पोचेना. पोर तळाशी आडवी झाली. तेव्हा आजीनं तेच दाभण फटीत घातलं, किडा ओढून काढला नि तिला भरवला. घरातले आजोबा लाट अडवून तिच्यापुढे उभे राहिले. सगळा हिवाळा असाच काढला.

पाणी कोमट झालं तशी पिवळी म्हणाली, "आजी, आता तुम्हीच चला आमच्याकडे. तिथं ऊब आहे, गोतावळा आहे."

आजीनं पाठीवरचे काटे ताठ केले.

"भावकीला सांग, आम्हाला कुणी हाकललेलं नाही. दर उन्हाळ्याला तुमची एखादी पोर वाहत इकडे येते. तिला जेव म्हणायला इथं आपलं कुणीतरी लागतं."