हातोडीची घाई

समुद्र आटून तिथे डोंगर उभे राहिले, त्यानंतरची ही गोष्ट. रेवतीबाई त्या डोंगरात शिंपल्यांसारखी दिसणारी, दगड झालेली प्राचीन कवचं गोळा करत. एकदा दिवसभर खपल्यावर त्यांना खडकात एक अख्खं, मिटलेलं कवच दिसलं.

"आता एकच जोराचा घाव घालते आणि सुटते," थकलेली हातोडी म्हणाली.

"नको गं," छिन्नी कळवळली. "कोट्यवधी वर्षं ते इथेच आहे. उद्या काढू."

पण बाईंनाही कधी एकदा पाठ टेकतेय असं झालं होतं. त्यांनी हात उचलला, हातोडीने सगळा भार टाकला आणि कवचाचे तुकडे झाले.

हातोडी मान खाली घालून बसली. बाईंनी तुकडे कापसात गुंडाळले.

"तुझ्या एकटीचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "हात दमलाय, हे मला केव्हाच कळलं होतं."