विसण

आधी माझ्या मूर्खपणाची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील. आज सासूबाईंच्या आंघोळीला मी एक बादली उकळतं आणि एक बादली गार पाणी एकत्र केलं. निम्मं-निम्मं, म्हणजे कोमट. चाळिशी उलटली तरी माझं गणित एवढंच. सासूबाईंनी अंगठा बुडवला आणि झटकन मागे घेतला. "न्हाऊ घालतेस की शिजवतेस?" म्हणाल्या.

मग त्या पाटावर बसल्या, मी गार पाण्याचं विसण घातलं, आणि घालता घालता त्यांना ही गोष्ट सांगितली. लहानांनी ऐकावी, थोरांनीही ऐकावी.

कोणे एके काळी, पंचांगंही नव्हती तेव्हा, एका राजाला फार वर्षांनी मुलगी झाली. तिला न्हाऊ घालायला एक म्हातारी दाई होती. ती आधणात विसण घालायची, त्यात कोपर बुडवायची, थांबायची. कोपर 'हो' म्हणालं की मगच बाळाला पायांवर घ्यायची.

दरबारातल्या पंडिताला याचं हसू यायचं. "महाराज, राजकन्येचं न्हाणं म्हातारीच्या कोपरावर? एक भाग आधण, एक भाग गार, की पाणी बरोबर मधोमध येतं. नियम आहे."

त्यानं दोन चांदीच्या वाट्या मागवल्या. एकीत आधण, एकीत गार. दोन्ही एकत्र केल्या. राजानं बोट घातलं. छान कोमट!

दाई म्हणाली, "महाराज, चुलीपासून दरबारापर्यंत सात दालनं. वाटीतलं आधण येईस्तोवर निवलं होतं. न्हाणीघर चुलीला लागून आहे."

"कोपराची नोकरी जाईल म्हणून बोलतेय," पंडित म्हणाला. दरबार खदखदून हसला.

राजानं हुकूम काढला: पाणी नियमानं मिसळायचं, मिसळल्यावर कुणी त्यात हात घालायचा नाही.

दुसऱ्या दिवशी चुलीवरून उतरवलेला एक हंडा आणि विहिरीचा एक हंडा घंगाळात ओतला. दाई बाळाला पायांवर घेऊन बसली. पंडितानं मानानं पहिला तांब्या उचलला.

"पंडितजी, वाफ बघा! अजून विसण लागेल."

"नियमात वाफ नाही," म्हणत त्यानं तांब्या कलता केला.

दाईनं बाळावर हात आडवा धरला. सगळी धार तिच्या कोपरावर पडली. बाळाला चटकाही बसला नाही.

राजा धावत आला. पंडित शांतपणे म्हणाला, "पाणी मधोमधच आलं होतं, महाराज. कातडी नाजूक निघाली."

आणि दाई? हुकूम मोडून पाण्यात हात घातला म्हणून तिला त्याच दिवशी वेशीबाहेर काढलं.

पुढच्या माघात राजाला मुलगा झाला. आता गरम पाण्याला हात लावायची कुणाची छाती होईना. राजानं दाईला पालखी धाडली. दाई आली, राजासमोर हात पुढे केला.

"कोपर आणलंय, महाराज. पण त्याला आता ऊनही कळत नाही, गारही कळत नाही."

मग भीतीनं राजपुत्राला गार पाण्यानंच न्हाऊ घातलं. तो जगला, पण त्याच्या छातीतली घरघर जन्मात गेली नाही. पंडितानं मात्र नियमावर पोथी लिहिली. तिच्यात दाईचं नाव नाही.

तात्पर्य: हिशोब कितीही सरळ असो, दुसऱ्याच्या अंगावर ओतण्याआधी आपला हात बुडवून बघावा.

गोष्ट संपवून मी मोठ्या अपेक्षेनं सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी बादलीत कोपर बुडवलं. थांबल्या.

"गोष्ट बरी होती," त्या म्हणाल्या. "आता आधण आण."