अण्णांच्या तंबोऱ्याची घोडी

गेलेल्या माणसाची एखादी वस्तू तुम्ही कधी जपली आहे का? दुसऱ्या कुणी तिला हात लावला तरी जीव कासावीस व्हावा, इतकी?

फार जुन्या काळची गोष्ट. एका डोंगरगावात देवीचं देऊळ होतं. तिथे रोज पहाटे भूपाळी म्हणण्याचा मान एका घराला होता. अण्णा तंबोरा छेडून गात आणि त्यांची लेक भागीरथी मागे बसून साथ करी. त्या सुरावर गावातल्या चुली पेटत, जाती फिरू लागत.

पुढे अण्णा गेले आणि तंबोरा भागीरथीच्या हाती आला. पण वर्षभरात त्याचा आवाज अगदी बसला.

"भागे, तुझ्या तंबोऱ्याला पडसं झालंय का गं?" एक दिवस गुरवकाकू म्हणाली. बायका फिदीफिदी हसल्या.

गुरव मात्र हसला नाही. तो म्हणाला, "पोरी, उद्या नवरात्र बसतंय. उद्याही हा असाच वाजला, तर मान दुसऱ्या घरी जाईल. पंचांनी तसं ठरवलंय."

तंबोरा खांद्यावर घेऊन भागीरथी तशीच घाट उतरली आणि दौलूकाकांच्या दारात उभी राहिली. तंबोरे घडवण्यात त्यांचे केस पिकले होते.

काकांनी आधी भोपळ्यावर टिचकी मारली. आवाज घुमतो तो त्याच्याच पोटात; पण त्याला कुठे तडा नव्हता. दांडीही सरळ होती. तारा घसरू नयेत म्हणून त्यांनी खुंट्यांना खडू लावला, चारही तारा नव्या चढवल्या, तारांतले मणी सरकवून सूर तंतोतंत जुळवला. नाद खुलावा म्हणून तारांखाली सुताचे नवे धागेही सरकवले.

मग तार छेडली. तंबोरा मुका तो मुकाच.

"आता राहिली घोडी," काका म्हणाले. तारा जिच्यावर टेकतात, ती भोपळ्यावरची हाडाची पट्टी म्हणजे घोडी. त्यांनी कानस उचलली.

भागीरथीने पटकन घोडीवर हात ठेवला. "नको काका! या चार खाचा अण्णांच्या हातच्या आहेत. त्यांची तेवढीच खूण उरलीय माझ्याकडे."

"अगं, या खाचांत तारा रुतून बसल्यात. मोकळी झाल्याशिवाय तार बोलणार कशी?"

"नाही बोलली तरी चालेल."

"अण्णाला चाललं असतं?"

भागीरथीने घोडीवरचा हात तसाच ठेवला.

काका म्हणाले, "दर पावसाळा सरला की तुझा बाप हीच घोडी घासून घ्यायला यायचा. तिथे, त्या खांबाशी बसायचा. मला म्हणायचा, 'दौल्या, हात चालव, झोपलास काय!' शेवटची दोन वर्षं आला नाही. पायच चालत नव्हते ना त्याचे. या खाचा त्या दोन वर्षांच्या आहेत, पोरी. तू त्याचं दुखणं जपून ठेवलंयस."

भागीरथीचे डोळे भरून आले. तिने हळूच हात काढून घेतला.

दिवस कलेपर्यंत कानस फिरत राहिली. पांढरा भुगा काकांच्या धोतरावर पडत होता. खाचा पुसट झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. काकांनी तारा पुन्हा चढवल्या आणि म्हणाले, "छेड आता."

तिने बोट फिरवलं. सूर असा भरून आला की अण्णा शेजारीच बसून गळा खाकरताहेत, असं तिला वाटलं.

"बघतेस काय? आणखी छेड!" काका डोळे पुसत म्हणाले.

माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूवरच्या खुणा जपण्यापेक्षा त्याचं काम चालू ठेवणं, हीच त्याची खरी आठवण.

दुसऱ्या दिवशी पहाटे भागीरथीने देवळात भूपाळी म्हटली आणि मान तिच्याच घरी राहिला.