अंबारी मावेल एवढं दार

बर्फातल्या मठांपासून वाळवंटातल्या दर्ग्यांपर्यंत जगभरची देवस्थानं पाहून गिरमाजीबुवा गावी परतले. इकडे सरदार रायाजीरावांनी नवं देऊळ बांधलं होतं. त्याचं दार इतकं उंच होतं, की सरदार हत्तीवरच्या अंबारीत बसूनच थेट देवासमोर जात. तिथंच बुवांना बोलावून त्यांनी वरूनच दरडावलं, "असं दार कुठं पाहिलंत? आढेवेढे घेतलेत तर कोठडीत टाकीन."

"कुठंच नाही, सरकार. बाकी सगळीकडे वाकूनच आत शिरावं लागलं."

"म्हणजे आमचंच दार सरस ना?"

"सोयीचं आहे खरं. तुम्ही हत्तीवरून आत आलात, तरी देवाला बाहेर पडायला जागा उरते."

रायाजीरावांनी माहुताला हत्ती खाली बसवायला सांगितलं.