मधली जाड रेघ

"मग सही कधी करताय, बाई?"

शार्दूल घाटेनं नकाशा टेबलावर असा पसरला, की त्याच्या मार्गदर्शक खांबेटेबाईंचा चहा सांडता सांडता राहिला.

पेशीत कुठलं प्रथिन कुणाला भेटतं, कुणाचा निरोप कोण पुढे नेतं, याचा तो नकाशा. चार हजार ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. सहा वर्षं खपला होता पोरगा. बुद्धी तल्लख, पण ग ची बाधा झालेली, त्याला कोण काय करणार!

मधली एक रेघ जाड होती. पेशीच्या बाहेरच्या पडद्यातलं एक प्रथिन आणि आतल्या केंद्रकातलं दुसरं, यांना थेट जोडणारी. आजवर कुणी न दाखवलेली. शोधनिबंध पाच वाजता जायचा होता आणि तो सगळाच्या सगळा या एका रेघेवर उभा होता.

"हे दोघं भेटतात?" बाईंनी विचारलं.

"भेटतात म्हणजे काय! एकाला ओढलं की दुसरं चिकटून येतं. तीनदा केलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, बाई?"

"ओढलंस कुठून?"

"नळीतून."

"आणि नळीत कसे आले?"

"पेशी घोटल्या, पडदे फोडले, आतलं-बाहेरचं एकत्र झालेला रस काढला. सगळे असंच करतात."

बाई उठल्या.

सूक्ष्मदर्शकापुढचं आपलं स्टूल त्यांनी त्याच्याकडे सरकवलं.

"बस. या पेशी जिवंत आहेत. हिरवं ते पडद्यातलं, लाल ते केंद्रकातलं. भेटले की हाक मार."

शार्दूल हसतच बसला.

हिरवं कडेला. लाल मधोमध. दोघांच्या मध्ये काळोख.

त्यानं पेशींना चेतवणाऱ्या संप्रेरकाचा थेंब सोडला. पेशी थरारल्या. हिरवं कडेलाच राहिलं, लाल मधोमधच राहिलं. चार वाजून गेले. एकदा तरी भेटा रे, एकदाच... असं तो मनातल्या मनात विनवत होता.

"बाई... म्हणजे नळीत चिकटले, ते खोटं?"

"छे. खरंच चिकटले."

"मग इथे दिसतंय ते?"

"तेही खरं."

"सहा वर्षं, बाई!" तो जवळजवळ ओरडलाच. "आता माघार घेऊ?"

बाईंनी पेन उघडलं, निबंधावर शांतपणे सही केली आणि ते उघडं पेन त्याच्या हाताशी ठेवलं.

"पाठव, नाहीतर नको पाठवू. निबंध तुझा आहे."

शार्दूलनं त्या सहीकडे पाहिलं, पेन उचललं आणि मधली जाड रेघ खोडली. डोळे वाहताहेत याची लाज वाटण्याइतकंही भान त्याला उरलं नव्हतं.

"बाई, मग सहा वर्षं मी पाहिलं तरी काय?"

"मेल्यावरची मिठी."