खिडकीतला कप

लबाडाला नियम दाखवला, की तो आधी पळवाट शोधतो. सरकारनं ठरवलं, की ज्यांच्या वाडवडलांना धंद्याच्या उंबऱ्यावरही उभं केलं नाही, त्यांची मालकी जिथं असेल त्या कंपनीला वरचा दर्जा आणि कंत्राटं आधी. पाइप बनवणाऱ्या दिगंबरशेटांनी काय करावं? कारखान्यात झाडलोट करणाऱ्या पारूबाई खरातांची सही घेतली आणि कागदोपत्री त्यांना अर्ध्याहून जास्त कंपनीची मालकीण केलं. हातात मात्र झाडूच!

दर्जा ठरवणारे साहेब तपासणीला आले. शेटांनी पारूबाईंना आपल्या खुर्चीत बसवलं आणि छाती फुगवून म्हणाले, "यांच्या शब्दाबाहेर इथं पान हलत नाही!"

तेवढ्यात शिपायानं चहा आणला. रोजच्या सवयीनं त्यानं शेटांपुढे आणि साहेबांपुढे चिनी मातीचे कप ठेवले. पारूबाईंपुढे ठेवला तो खिडकीत वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप.

शेट ओरडले, "गाढवा, मालकीणबाईंना हा कप?"

"त्याला कशाला बोलता? वेगळा ठेवायला तुम्हीच सांगितलंत," पारूबाई म्हणाल्या. त्यांनी तो कप शेटांपुढे सरकवला आणि शेटांचा स्वतःकडे ओढला. "माझ्या शब्दाबाहेर पान हलत नाही ना? मग ऐका माझा शब्द. प्या यातून. साहेब, यांनी एक घोट घेतला, की खुशाल वरचा दर्जा द्या."

साहेब पेन उघडून थांबले. पारूबाईंनी आपला चहा फुर्र करत संपवला. शेटांपुढच्या चहावर साय धरली, तरी त्यांचा हात पुढे झाला नाही.

साहेबांनी पेन मिटलं.