छत्तीस टक्के

"पण आक्का, पोट आत ओढून माप घेतलं तर त्याला खोटं म्हणायचं का?"

यमुनाआक्का विहिरीच्या पायरीवर बसून पायांना खोबरेल चोळत होत्या. वय सत्तरीच्या पुढे. गावातल्या तीन पिढ्या त्यांच्याच हाताखाली पोहायला शिकल्या होत्या.

"कुणाला फसवायचंय, त्यावर हाय," त्या म्हणाल्या.

पाण्यातल्या पायरीवर उभ्या सुनेत्रानं काठावरून सोडलेला दोर आणखी घट्ट धरला.

ती शाळेत गणित शिकवायची. चार महिने रोज सकाळी टेप घेऊन ती मान, कंबर आणि नितंब मोजायची. उंचीसह ती मापं सूत्रात घालायची आणि अंगात चरबी किती टक्के, ते वहीत लिहायची. काट्यावरचं वजन फसवतं, हा हिशोब फसवत नाही, असं ती शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकवायची. आकडा एकेचाळिसावरून छत्तिसावर आला आणि तिथंच अडला. मग तिनं रात्रीचं जेवण सोडलं. पाठोपाठ सकाळचं. गेल्या महिन्यात ती वर्गात, फळ्यासमोरच चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी आधी पोटभर जेवायला सांगितलं, आणि मग पोहायला.

आज आठवा दिवस. अजून तिच्या हातातून दोर सुटला नव्हता.

"मान कशापायी मोजतीस?" आक्कांनी विचारलं.

"मान जाड असली की सूत्रात चरबी कमी येते."

"बरंय की. ताठ मानंच्या माणसाला फायदाच."

सुनेत्राला हसू आलं, पण टिकलं नाही. "आक्का, छत्तीस म्हणजे... शंभरातली छत्तीस नुसती अडगळ. एवढं ओझं घेऊन मी पाण्यावर राहीन कशी?"

"तालमीतले गडी येत्यात शिकाया. अंगावर चिमूटभर चरबी न्हाई. पाण्यात ठेवलं की धोंड्यावानी खाली."

"मग...?"

आक्का उत्तर न देता पाण्यात उतरल्या. हात पुढे केला.

"जेवून आलीस?"

"अर्धी भाकरी."

"उद्या अख्खी खा. ये. दोर सोड."

बराच वेळ गेला... मग दोर सुटला.

सुनेत्रा पाण्यावर उताणी झाली. पाठीखाली आक्कांचा तळवा होता.

"पोट आत वढू नगं."

"सवय झालीय."

"सोड."

तिनं श्वास भरून घेतला आणि पोट सैल सोडलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच. कान पाण्याखाली गेले तसा विहिरीवरच्या पंपाचा आवाज विझला. वर गोल आभाळ, काठावरच्या बाभळीला लोंबणारं सुगरणीचं घरटं. ती बघत राहिली. शरीर आपलं आहे, हे तिला किती दिवसांनी जाणवत होतं, कुणास ठाऊक.

मग पाठीखाली काहीच नाही, हे ध्यानात आलं.

ती दचकली. नाकातोंडात पाणी गेलं, अंग खाली ओढलं गेलं... आणि कुणी हात न लावता पुन्हा वर आलं.

आक्का चार हातांवर, पायरीवर उभ्या राहून पदर पिळत होत्या.

"हात कधी काढलात?"

"मघाशीच."

"मग मला धरलंय कुणी?"

आक्कांनी पदर झटकला, खांद्यावर टाकला.

"त्ये मागनं मोज," त्या म्हणाल्या. "आधी पल्याड जा."